कडक डोहाळे

पाण्याचा घोटही पोटात ठरेनासा झाला, की त्या गर्भवतीला ‘कडक डोहाळे लागले’ असे आपल्याकडे म्हणतात. डोहाळजेवणात तिच्या आवडीनिवडींचे कौतुक होते. ओकाऱ्या मात्र तिने मुकाट्याने सोसायच्या असतात. आमच्या सुनेला त्या असह्य झाल्या, तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या दोन दिवस फडताळात तशाच पडून होत्या. ‘आम्ही नाही का सोसले?’ या प्रश्नामागे घरातील वडीलधाऱ्यांचे भयच दडलेले होते.

ते भय निराधार नव्हे. पश्चिम जर्मनीत १९५७ साली झोपेचे औषध म्हणून विक्रीस आलेले थॅलिडोमाइड गर्भवतींना मळमळीवरही दिले गेले. १९६१ अखेर तेथे ते मागे घेतले गेले. जगभरात सुमारे १०,००० बालके त्यापायी व्यंग घेऊन जन्मली.

परंतु भयालाही किंमत मोजावी लागते. डॉक्सिलामीन व पायरिडॉक्सिन, म्हणजे ‘ब-६’ जीवनसत्त्व, यांची गोळी अमेरिकेत १९५६ पासून प्रचलित होती. खटल्यांच्या भडिमारामुळे उत्पादकाने ती १९८३ मध्ये बंद केली. जन्मजात व्यंगांचे प्रमाण त्यामुळे घटले नाही. ओकाऱ्यांपायी रुग्णालयात दाखल होणाऱ्या स्त्रिया मात्र वाढल्या. पुढे २०१३ मध्ये तेथील औषध प्रशासनाने याच जोडीला पुन्हा मान्यता दिली.

औषधाचा धोका तोलताना पारड्यात एकटी गोळी घालून भागत नाही. सुकत चाललेले शरीर, घटणारे वजन, शिरेतून द्यावे लागणारे सलाइन हे सारे दुसऱ्या पारड्यात असते. गोळी न घेणे हाही एक निर्णयच आहे, आणि त्याचा भार एकट्या गर्भवतीने वाहायचा असतो.