थकलेल्या गोलंदाजाची चिठ्ठी

पुस्तक-क्रिकेट आमच्या पिढीतील बहुतेकांनी खेळलेले असते. बालभारतीचे पुस्तक मध्येच उघडायचे. डावीकडच्या पानाच्या क्रमांकातील शेवटचा अंक म्हणजे धावा, आणि शून्य आले की फलंदाज बाद. मागच्या बाकावर कितीतरी कसोटी सामने अशा प्रकारे निकालात निघाले. या खेळात एक मोठी उणीव होती, ती माझ्या लक्षात कधीच आली नाही. आली ती माझ्या मित्राच्या. तो म्हणाला, "यात बॉलर कुठंय?"

खरेच, नव्हता. पान उलटले की धावा होत. चेंडू टाकणारा कोणी नव्हताच. डाव्या पानावर सम अंकच येतात, त्यामुळे दर पाच चेंडूंमागे सरासरी एक बळी ठरलेला. तो कपिलदेवने घेतला म्हणा की आणखी कोणी.

हा मित्र बेलापुरात आमच्या गल्लीतच राहत असे. (बेलापूर म्हणजे नवी मुंबईतले नव्हे, प्रवरेकाठचे. आमच्या नावाचे रेल्वे स्थानकही गावात नाही, श्रीरामपुरात आहे. नाव एकीकडे आणि वस्तू दुसरीकडे, ही सवय आम्हाला लहानपणापासूनची.) आठवीच्या उन्हाळ्यात त्याने सापशिडीच्या डब्यातले दोन फासे काढले आणि प्रत्येक गोलंदाजासाठी एक चिठ्ठी लिहिली. चांगल्या वेगवान गोलंदाजाच्या चिठ्ठीवर असे: बेरीज 2, 3 किंवा 12 आली की बळी. दोन फाशांच्या 36 शक्यतांपैकी या 4, म्हणजे सरासरी नऊ चेंडूंमागे एक बळी. पण हे पहिल्या चार षटकांपुरतेच. त्यानंतर गोलंदाज थकू लागे आणि 12 आले की बळीऐवजी षटकार जाई. आठ षटकांनंतर 3 सुद्धा जाई, उरे फक्त 2. छत्तिसांतून एक. शिवाय, एका सामन्यात आठ षटके टाकणारा पुढचा सामना खेळणार नाही. त्यासाठी लांब वहीत 'विश्रांती' नावाचा वेगळा रकाना होता आणि तो मित्र स्वतः भरत असे.

मला हा रकाना जाचक वाटे. माझ्याकडे 'वाघ्या' नावाचा डावखुरा गोलंदाज होता. नाव मीच ठेवले होते, कारण मला तो फार आवडत असे. आवडत असे याचा अर्थ मी त्याला सतत वापरत असे. एका अंतिम सामन्याआधी मी वहीतला आठचा आकडा खोडून सहा केला आणि वाघ्याला उतरवले. सामना जिंकलो. मित्राने खाडाखोड पाहिली, पण भांडला नाही. पेन्सिल घेऊन त्याने वाघ्याच्या चिठ्ठीवरचा 12 कायमचा कापून टाकला. म्हणाला, "खांदा गेला त्याचा." मी पोट धरून हसलो. कागदाला कसला आलाय खांदा!

एम.ए. झाल्यानंतर बऱ्याच वर्षांनी रॉबर्ट कूवर या अमेरिकन लेखकाची 1968 सालची कादंबरी हाती आली. तिचा नायक हेन्री वॉ हा हिशेबनीस आहे आणि रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर फाशांनी बेसबॉलची संपूर्ण लीग चालवतो. त्याचा लाडका तरुण पिचर तीन फाशांच्या एका अभद्र दानाने चेंडू लागून मरतो आणि हेन्री कोसळतो. समीक्षक या कादंबरीत ईश्वर आणि सृष्टी शोधतात, शोधोत. मला आठवली ती लांब वही. पुढे कळले की 1961 साली हॅल रिचमन यांनी काढलेल्या 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' या बैठ्या बेसबॉलमध्येही ठरावीक डावांनंतर पिचर थकतो आणि त्याच्या पत्त्यावरचे काही निकाल उलटतात. खऱ्या पिचरने त्या वर्षी जितके डाव टाकले, त्याहून जास्त त्याच्या पत्त्याकडून टाकून घ्यायचे नाहीत, असा दंडक कित्येक हौशी लीग पाळतात. बेलापुरातल्या आठवीतल्या पोराला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

त्याची सर्वांत विलक्षण चिठ्ठी मात्र वेगळीच होती. 12 जानेवारी 1964 रोजी मद्रास कसोटीत नाशिकच्या बापू नाडकर्णींनी इंग्लंडविरुद्ध 32 षटके टाकली. 27 निर्धाव, 5 धावा, शून्य बळी. त्यांतली 21 षटके ओळीने निर्धाव. मित्राच्या वडिलांना हे आकडे पाठ होते. त्यावरून त्याने 'नाडकर्णी चिठ्ठी' केली. 5 ते 9 यांपैकी कोणतीही बेरीज आली तर धाव नाही, म्हणजे छत्तिसांतून चोवीस चेंडू कोरडे; बळी फक्त 2 वर; आणि हा गोलंदाज थकत नाही. मी विचारले, बळी न घेणारा बॉलर घेऊन करायचे काय? तो म्हणाला, "दुसऱ्याला दम खाऊ द्यायचा." मी ती चिठ्ठी कधी घेतली नाही.

बारावीच्या वर्षी सीझन बॉलच्या एका दोन दिवसांच्या सामन्यात मी कर्णधार होतो. मित्र आमचा एकमेव खरा वेगवान गोलंदाज, तोही डावखुरा. पहिल्या दुपारी त्याने एका टोकाकडून सलग सतरा षटके टाकली. प्रत्येक षटकानंतर मी "अजून एक" म्हणत होतो आणि तो मान हलवून मागे चालत जात होता. एकदाही नाही म्हणाला नाही. मला आजही वाटते, त्याने म्हणायला हवे होते. आणि लगेच हेही उमगते की रकाना भरणे त्या दिवशी माझे काम होते. दुसऱ्या सकाळी चेंडू पुन्हा त्याच्याच हाती दिला. तिसऱ्या षटकात तो मध्येच थांबला आणि डावा हात उजव्या हाताने धरून उभा राहिला. त्यानंतर तो कधी गोलंदाजी करू शकला नाही. आम्ही याविषयी कधी बोललो नाही.

बोललो ते जहीर खानविषयी. श्रीरामपुरात जन्मलेला, डावखुरा. 2000 साली तो भारताकडून खेळू लागला तेव्हा आमच्या भागात प्रत्येकाला तो आपल्या ओळखीचा वाटू लागला. 2011 च्या विश्वचषकात त्याने 21 बळी घेतले आणि जुलैमध्ये लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी, 13.3 षटकांनंतर, मांडीचा स्नायू धरून तो मैदानाबाहेर गेला. त्या मालिकेत पुन्हा त्याने चेंडू टाकला नाही. भारत चारही कसोटी हरला. त्या संध्याकाळी मित्राचा फोन आला. "बघितलंस?" एवढेच त्याने विचारले. मी हो म्हणालो. पुढे दोघेही बराच वेळ गप्प.

आता विभागाचे वेळापत्रक मी लावतो. महाविद्यालयीन भाषेत त्यालाही 'वर्कलोड' म्हणतात. तासिका तत्त्वावर शिकवणारे एक तरुण सहकारी आहेत. कोणताही तास द्या, मान हलवतात. यंदा त्यांच्या नावापुढे आणखी एक तास लिहिताना पेन थांबले. मग लिहिला. दुसरे कोणी नव्हते.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा मित्राच्या घरी फासे खुळखुळत होते. त्याची मुलगी सातवीत आहे. तिने नव्या चिठ्ठ्या केल्या आहेत, पण वही तीच, मागची कोरी पाने वापरते. मला एक संघ मिळाला. शेवटची दोन षटके उरली होती, त्यांना नऊ धावा हव्या होत्या. मी माझ्या सर्वोत्तम गोलंदाजाची चिठ्ठी पुढे सरकवली.

तिने वहीत बोट ठेवले. "काका, तो काल आठ टाकून आलाय."

मित्र चहा ओतत होता. त्याने वर पाहिले नाही. मी चिठ्ठी मागे घेतली आणि उरलेल्यांमध्ये नाडकर्णी आहे का, ते शोधू लागलो.