लगनसराईतला कॅमेरा आणि सहा टक्के

सोयाबीनचे पैसे हातात आले, तुळशीचं लग्न लागलं, की हदगाव तालुक्यात कॅमेरे बाहेर निघतात. ते सगळेच स्टुडिओवाल्यांचे नसतात. जिल्हा परिषदेच्या शाळेवरचे गुरुजी, कृषी सेवा केंद्रात बसणारा पोरगा, औषध कंपनीचा एमआर, घरची शेती सांभाळून उरलेल्या वेळात फोटो काढणारा पदवीधर, असे हौशी लोक साखरपुडा, हळद, जावळ, डोहाळजेवण, प्री-वेडिंग यांच्या ऑर्डरी घेतात. मीही याच जमातीतला. आमच्यात एक प्रश्न मोठ्यानं विचारला जातो, ‘लायसन लागतं का?’ दुसरा सहसा कुणी काढत नाही, तो कराचा. दोन्हींची उत्तरं प्रचलित समजुतीच्या उलट आहेत. फोटो काढायला आणि त्याचे पैसे घ्यायला लायसन जवळजवळ लागतच नाही. उलट कराचा संबंध पहिल्या रुपयापासून येतो, मात्र प्रत्यक्ष भरायचा कर बहुतेकांच्या बाबतीत शून्य किंवा किरकोळ निघतो. कर टाळून आम्ही जे वाचवतो ते फार थोडं असतं आणि कमाई कागदावर न आणल्यानं जे जातं ते त्याहून बरंच जास्त असतं, असं माझं मत आहे. ते आकडे मांडूनच पटवता येईल.

आधी लायसनचं बघू. छायाचित्रकार व्हायला वकिलासारखी सनद किंवा डॉक्टरसारखी परिषदेची नोंदणी नाही. गाळा घेऊन स्टुडिओ टाकला तर शॉप अॅक्ट येतो, पण महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यापासून मोजके कामगार असलेल्या छोट्या आस्थापनेला नोंदणी करावी लागत नाही, नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे, आधार आणि पॅनवर होते, फुकट होते आणि ऐच्छिक आहे. तिच्यासाठी कुणी शुल्क मागत असेल तर ते त्याच्या टायपिंगचं. राहिला जीएसटी. सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्याशिवाय नोंदणीची सक्ती नाही, आणि नोकरीचा पगार या उलाढालीत धरत नाहीत. समजा एका लग्नाचे २५,००० मिळतात. २० लाख व्हायला ऐंशी लग्नं लागतील. शनिवार-रविवार आणि रजा मिळून ऐंशी लग्नं करणारा माणूस हौशी राहिलेला नसतो, त्यानं नोकरीचा फेरविचार करावा. जो खरंच ती रेषा ओलांडतो त्याला १८ टक्के जीएसटी जड जातो, कारण नवरीच्या बापाला त्याची वजावट कुठेच मिळत नाही. अशांसाठी ५० लाखांपर्यंतच्या उलाढालीवर ६ टक्क्यांची सोपी योजना आहे. व्यवसाय कर म्हणजे पीटी, त्याची भीती तर अगदीच अनाठायी. राज्यघटनेच्या कलम २७६ नं एका माणसाकडून वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. ही मर्यादा १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीनं घातली आणि तेव्हापासून ती तशीच आहे. ज्याच्या पगारातून पूर्ण अडीच हजार कापले जातात, त्याच्यावर कॅमेऱ्यामुळे वेगळा बोजा पडत नाही.

प्राप्तिकराचा भाग जास्त मनोरंजक आहे. छोट्या व्यावसायिकानं वह्या न ठेवता अंदाजित नफ्यावर कर भरावा अशी सोय १९६१ च्या कायद्यात ४४ एडी या कलमानं दिली. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला, कलमांचे आकडे बदलले, सोय राहिली. तिच्यात एकूण जमेच्या किमान ८ टक्के नफा धरतात. रक्कम बँकेतून किंवा यूपीआयनं आली असेल तर किमान ६ टक्के. म्हणजे लपवायच्या हेतूनं जो रोख मागतो, त्यानं उद्या प्रामाणिक व्हायचं ठरवलं तर त्याला फोनपेवाल्यापेक्षा जास्त नफा दाखवावा लागतो. वर्षभरात ऑर्डरींचे ३ लाख आले, सगळे यूपीआयनं, तर करपात्र नफा किमान १८,०००. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही, आणि २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर सवलतीत माफ होतो. दुसरी मिळकत नसलेल्या पदवीधराला या १८,००० वर काहीच भरायचं नाही. ९-१० लाख पगाराच्या गुरुजींनाही नाही. १६ ते २० लाखांच्या टप्प्यातला प्राध्यापक असेल तर २० टक्क्यांनी ३,६००, त्यावर उपकर धरून ३,७४४ रुपये. एका चांगल्या मेमरी कार्डाच्या आणि बॅटरीच्या किमतीत वर्षाचा विषय मिटतो.

इथे जाणकार म्हणतील, की छायाचित्रण हा व्यवसाय नसून पेशा आहे, मग निम्मा नफा धरणारी दुसरी सोय लागू होईल. त्या दुसऱ्या सोयीत वकील, डॉक्टर, अभियंते, वास्तुविशारद यांच्याबरोबर चित्रपट कलाकार येतात, आणि त्यांच्यात कॅमेरामन मोडतो. जो चित्रपटासाठी कॅमेरा चालवतो त्यानं सीएला विचारून घ्यावं. लग्नाचे फोटो त्या यादीत बसत नाहीत, असंच माझं वाचन आहे. खरी अडचण निराळ्या ठिकाणी आहे आणि ती मराठवाड्यातल्या माणसालाच जास्त नडते. अंदाजित नफ्यासाठी ‘सुगम’ नावाचा आयटीआर-४ हा छोटा अर्ज आहे, पण शेतीचं उत्पन्न वर्षाला ५,००० रुपयांहून अधिक असेल तर तो चालत नाही. पाच हजार! दोन-तीन क्विंटल सोयाबीन विकलं की संपलं. म्हणजे शेतीचं उत्पन्न करमुक्त, फोटोचा नफा करमर्यादेच्या खूप खाली, तरी रिटर्न भरायचं म्हटलं की आयटीआर-३ चा लांबलचक अर्ज समोर येतो. मग तो पोरगा सोपा मार्ग धरतो, फोटोचे पैसे शेतीच्या पैशांत मिसळून टाकतो. ही मर्यादा वाढवली तर सरकारचं काही जाणार नाही आणि हजारो लोक कागदावर येतील. ब्रिटननं एप्रिल २०१७ पासून किरकोळ जोडधंद्याच्या पहिल्या १,००० पौंडांना सरळ माफी दिली. आपल्याकडे तशी माफी नाही. सहा टक्क्यांची सोय पैशाच्या हिशेबानं तिच्याहून कमी उदार नाही, पण ती अर्ज भरायला लावते आणि इंग्रज हौशी माणसाची अर्जातूनच सुटका होते. हा फरक छोटा नाही.

‘एवढ्याशा रकमेला कोण विचारतंय?’ हा आक्षेप मी सर्वांत जास्त वेळा ऐकतो आणि तो सर्वस्वी खोटाही नाही. हळदीच्या फोटोंचे आठ हजार शोधत प्राप्तिकर खातं हदगावला येणार नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या जमा पाहून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा आपल्याकडेही क्यूआर कोड काढून ठेवण्याची भाषा सुरू झाली; पण त्या नोटिसा उलाढालीची मर्यादा ओलांडल्याच्या संशयावरून होत्या. आमच्यापैकी बहुतेक जण त्या मर्यादेच्या पासंगालाही पुरत नाहीत. तेव्हा भीती दाखवून कुणाला रिटर्न भरायला लावावं, हे मला पटत नाही. माझा मुद्दा फायद्याचा आहे. एखाद्या शिक्षणसंस्थेनं स्नेहसंमेलनाच्या चित्रीकरणाचे ४०,००० दिले तर ती नियमानं १ टक्का, म्हणजे ४०० रुपये कापते. पॅन दिला नसेल तर २० टक्के, ८,००० रुपये. दोन्ही वेळा ते पैसे रिटर्न भरल्याशिवाय परत येत नाहीत. कॅमेऱ्यासाठी मुद्रा कर्ज मागायला गेलं, की किशोर गटातल्या ५०,००० ते ५ लाखांसाठी बँक पहिल्यांदा उत्पन्नाचा पुरावा विचारते. ज्यानं तीन वर्षं लाख-दोन लाख कमावून एकदाही दाखवले नाहीत, तो बँकेच्या लेखी बेकार असतो. मग दुकानदाराच्या जादा व्याजाच्या हप्त्यावर लेन्स घेतली जाते, आणि त्या व्याजातून वाचवलेल्या कराच्या कितीतरी पट जातात. इसार घेतला, पावती दिली नाही, लग्न मोडलं, म्हणून होणारी भांडणं वेगळीच.

नोकरदारांचा आक्षेप मात्र वजनदार आहे. शासकीय कर्मचाऱ्यांना १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम लागू आहेत, जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६७ चे. परवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही. १९७९ च्या नियमांत प्रासंगिक साहित्यिक, कलात्मक किंवा शास्त्रीय काम, कर्तव्यात बाधा येत नसेल तर, परवानगीविना करायची मुभा आहे. सहस्रकुंड धबधब्याचा एक फोटो कुणी कॅलेंडरसाठी घेतला आणि मानधन दिलं तर ते प्रासंगिक कलाकाम म्हणता येईल. दर मुहूर्ताला ऑर्डर घेणं प्रासंगिक कसं ठरवायचं? नाहीच ठरत. गुरुजी कमाई लपवतात ती प्राप्तिकराला भिऊन नव्हे, रिटर्नमध्ये ‘व्यवसाय’ हा रकाना भरला की तोच कागद विभागीय चौकशीत पुढे येईल, या धास्तीनं. त्यात व्यवसायाचं उत्पन्न दाखवणाऱ्याला जुनी आणि नवी करप्रणाली दरवर्षी बदलता येत नाही, ती मोकळीक निव्वळ पगारदारालाच आहे. म्हणून बायकोचा किंवा भावाचा क्यूआर कोड पुढे केला जातो. त्यानं काही साधत नाही, कारण ज्याच्या श्रमाची कमाई त्याच्याच नावावर कर लागतो. शिवाय आता एकाऐवजी दोघं अडचणीत येतात. माझ्या मते यावर सरळ उपाय लेखी परवानगी मागण्याचा आहे. ती मिळेलच असं नाही. नाही मिळाली तर पैसे घेणं थांबवावं, फोटो काढणं थांबवायची गरज नाही.

हदगावला या पेचाचा एक जुना आणि भव्य दाखला जवळचा आहे. हा तालुका ज्या हैदराबाद संस्थानात होता, तिथले दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ मुळात सरकारी नोकरच होते. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकून १८६६ मध्ये ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात लागले, १८७४ च्या सुमारास कॅमेऱ्याच्या नादी लागले आणि काही वर्षं नोकरी व छायाचित्रण दोन्ही चाललं. काम वाढलं तेव्हा त्यांनी आधी लांब रजा घेतली, मग निवृत्ती पत्करली. सहाव्या निजामानं त्यांना पदवी दिली ती त्यानंतर. त्यांना वरिष्ठ इंग्रज अधिकाऱ्यांचं पाठबळ होतं, आमच्या गुरुजींना गटशिक्षणाधिकाऱ्यांचं असेलच असं नाही, हे खरं. पण आधी रजा, मग निर्णय, हा क्रम आजही उपयोगी आहे.

स्टुडिओवाल्यांचं गाऱ्हाणं असं, की हौशी माणूस भाडं भरत नाही, वीजबिल भरत नाही, कर भरत नाही, म्हणून निम्म्या दरात काम करतो. पहिली दोन कारणं खरी आहेत. तिसरं फारसं खरं नाही, कारण वर दाखवलं तसं प्रामाणिकपणे भरूनही हौशी माणसाचा कर इतका थोडा असतो की त्यानं दर बदलत नाही. दर पडतो तो आम्ही कॅमेऱ्याची झीज आणि आपला वेळ हिशेबात धरत नाही म्हणून. वर्षातून एकदा जमा-खर्च मांडायला बसलं की पहिल्यांदा हेच डोळ्यांत भरतं. स्टुडिओवाल्यांनी आम्हाला कर भरायला लावावंच. त्यांच्या स्पर्धेचा प्रश्न त्यातून बऱ्यापैकी सुटेल.

हौस आणि धंदा यांत फरक करणारे कायदे आहेत, पण ते करांचे नाहीत. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. त्यावरच्या, दोन किलोपर्यंतच्या ड्रोनला ते फक्त बिगर-व्यावसायिक वापरात माफ आहे. तोच ड्रोन पैनगंगेच्या पात्रावर हौसेनं उडवला तर प्रमाणपत्र नको, वरातीवर पैसे घेऊन उडवला तर हवं. वरातीतल्या ड्रोनवाल्यांपैकी किती जणांकडे ते आहे, हा प्रश्न मी इथेच सोडतो. दुसरा कायदा १९५७ चा स्वामित्वहक्काचा. सामान्यतः फोटो काढणारा हा त्याचा कर्ता आणि मालक, आणि हा हक्क त्याच्या हयातीत व नंतर साठ वर्षं टिकतो. पण कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. कलम १७ मधली ही तरतूद आमच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. वाढदिवसाच्या बॅनरसाठी दोन हजार घेऊन काढलेला भाऊंचा फोटो भाऊंचा झाला. तो पुढच्या निवडणुकीत जिल्हाभर लागला तरी वेगळे पैसे मागता येत नाहीत, आणि आपल्या जाहिरातीत वापरायचा तर भाऊंना विचारावं लागतं. ऑर्डर घेताना पावतीवर ‘फोटोंचे हक्क छायाचित्रकाराकडे, ग्राहकाला घरगुती वापराची मुभा’ एवढं छापून त्याखाली ग्राहकाची सही घेतली तर चित्र पालटतं. अर्थात त्यासाठी आधी पावतीपुस्तक छापून घ्यावं लागेल, आणि पावतीवर आकडा आला की तो रिटर्नमध्येही जाईल.