समोरून सरळ

टाकी फुटली नाही, पाझरली. पण त्या पाण्यावरून मी माझ्या मुलाला जे बोललो, ते अजून मनातून जात नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

केदारखेड्यात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. इंजिन आणि पंपाचं कपलिंग अर्धा सूत जरी चुकलं तरी बेअरिंग जातं, हे गिऱ्हाइकाला मी रोज सांगतो. पण घरात मासे आणायचे ठरले तेव्हा हे शहाणपण दुकानातच राहिलं. मासे ही माझी जुनी हौस. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 सालचं. नूतनीकरण होऊन 2015 मध्ये ते पुन्हा उघडलं, त्यानंतर मुलाला घेऊन गेलो होतो. काचेच्या बोगद्यात डोक्यावरून मासे जाताना बघून तो हलायलाच तयार नव्हता. तेव्हाच त्याला शब्द दिला होता.

टाकी केली ती चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. बारा घनफूट म्हणजे 340 लिटर पाणी. बारा मिलिमीटरच्या काचेचं वजनच 75 किलोच्या वर, त्यात वाळू-गोटे आणि अँगलचा स्टँड. सगळं मिळून पाच क्विंटल. पाच क्विंटल कापूस भरला तर खोली भरते. तेवढा भार मी चार पायांवर उभा केला, आणि पायाखाली काय आहे ते पाहिलं नाही.

पायाखाली शहाबादी फरशी होती आणि फरशीखाली काळी माती. वडिलांनी घर बांधलं तेव्हा हातात पैसा नव्हता, मुरूम जेमतेम वीतभर पडला. आमच्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात अशी भेगाळते की भेगेत हात जातो, आणि पाऊस पडला की फुगून भेगा मिटतात. शेतात हे दरवर्षी बघतो. घराखालीही तीच जमीन आहे, हे कधी डोक्यात आलं नाही. टाकी मी वैशाखात बसवली. स्पिरिट लेव्हल ठेवली, बुडबुडा मधोमध आला, खाली थर्माकोल घातलं, पाणी भरलं. सगळं बरोबर होतं.

श्रावणात एका संध्याकाळी पाण्याची रेघ तिरकी दिसली. काचेच्या वरच्या काठापासून पाण्यापर्यंत पट्टीनं मापलं: समोर डावीकडे 50 मिलिमीटर, समोर उजवीकडे 58, मागे उजवीकडे 61, मागे डावीकडे 53. जिथे अंतर जास्त, तो कोपरा उचललेला. उजवी बाजू अडीच सूत वर आली होती. त्याच बाजूला बाहेरच्या भिंतीशी पत्र्याच्या पन्हाळीचं पाणी पडत होतं, तिथली माती फुगली होती. आता हे लिहिताना किती उघड वाटतं! तेव्हा मात्र मी भिंतीच्या बाहेर डोकावलोसुद्धा नाही.

खरं तर ते चार आकडेच मला पुरेसं सांगत होते. समोरासमोरचे कोपरे मिळवा: 50 आणि 61 म्हणजे 111, 58 आणि 53 म्हणजेही 111. दोन्ही बेरजा सारख्या, म्हणजे टाकी नुसती कलली होती, तिला पीळ पडला नव्हता. कललेली टाकी दिसायला वाईट दिसते, पण थोड्या कलाचा ताण काच सहन करते. पीळ काचेला सोसत नाही. काच वाकत नाही, म्हणून सगळा ताण कोपऱ्यातल्या सिलिकॉनच्या सांध्यावर येतो. त्या दिवशी पाणी उपसलं असतं, निवांत विचार केला असता, तर पुढचं काही घडलं नसतं.

मी गाडीचा जॅक आणला. पाण्यानं भरलेली टाकी तशीच ठेवून स्टँडचा पुढचा डावा पाय उचलला आणि खाली लाकडी पाचर ठोकली. पाणी हिंदकळलं, मासे कोपऱ्यात गोळा झाले. समोर खुर्ची टाकून पाहिलं तर पाण्याची रेघ आणि काचेचा काठ अगदी एकमेकांना समांतर. बायकोला हाक मारून दाखवलं. मागच्या बाजूला गेलो नाही, पट्टी पुन्हा लावली नाही. एकाच कोपऱ्याखाली आठ मिलिमीटर भरून मी सगळी टाकी पिळून ठेवली होती, आणि समोरून ती सरळ दिसत होती.

तिसऱ्या दिवशी पहाटे आईचा पाय पाण्यात पडला. मागच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी काचेवरून ओघळत होतं, आवाज न करता, सुतळीएवढ्या धारेनं. गव्हाची दोन पोती बुडातून भिजली होती. आदल्या संध्याकाळी मुलगा घरात चेंडू खेळत होता, तेवढं मला आठवलं. त्याला झोपेतून उठवलं आणि सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोललो. तो एवढंच म्हणाला, “पप्पा, टाकीला मी हातबी नाही लावला.” मी ऐकलं नाही. तो गप्पपणे मगानं मासे ड्रममध्ये सोडू लागला. एकही मासा मेला नाही, ते त्याच्यामुळे. आई पाण्याकडे बघत म्हणाली, “बावीस हंडे गेले.” 2013 च्या दुष्काळात टँकरच्या मागे हंडा घेऊन धावलेली बाई, तिला लिटर कळत नाही, हंडे कळतात.

आठवड्यानं ओळखीचे गवंडी मामा आले. त्यांनी आधी पाचर पाहिली, मग स्टँडचा मागचा डावा पाय हातानं हलवला. रिकाम्या स्टँडचा तो पाय फरशीला टेकतच नव्हता. पाण्याची नळी लावायला मी पुढे झालो, तेव्हा नळीतला हवेचा बुडबुडा त्यांनी बोटानं दाखवला. बुडबुडा राहिला की नळी खोटं बोलते, म्हणाले. चारही कोपरे तपासून त्यांनी विचारलं, “पत्र्याचं पाणी कुठं पडतं?” त्या प्रश्नासरशी मला सगळं कळलं, पोरालाही कळलं. तो तिथेच उभा होता. त्याच्याकडे बघायचं धाडस व्हायला रात्र झाली. जेवणानंतर त्याला ओसरीवर बोलावून सांगितलं, की चूक माझी होती, पाचर मी ठोकली होती. तो “हं” म्हणाला आणि आत गेला. त्यानं माफ केलं की नाही, हे विचारायचा हक्क मला नव्हता.

काम दिवाळीनंतर केलं, जमीन वाळल्यावर. फरशी काढली, दोन फूट काळी माती उपसली, मुरूम थरथरानं टाकून पाणी मारून धुम्मसनं ठोकला, वर काँक्रीट केलं. पन्हाळीला पाइप जोडून पाणी घरापासून लांब काढलं. स्टँडच्या प्रत्येक पायाखाली सहा इंची लोखंडी प्लेट घातली. एक पाय आखूड होता, त्याला वेल्डिंग करून घेतलं. पाचर एकही नाही. टाकीचं जुनं सिलिकॉन पात्यानं खरवडून सगळे सांधे नव्यानं भरले, आठवडाभर वाळू दिले, आणि आधी अंगणात पाणी भरून तीन दिवस ठेवली. घरात आल्यावर पाणी एकदम भरलं नाही. पाव टाकी, मग माप. अर्धी टाकी, मग माप.

मापं मुलानं घेतली. पट्टी त्याच्या हातात, वही माझ्या. चौथा आकडा सांगून तो थांबला, मनातल्या मनात बेरजा केल्या आणि म्हणाला, “एक मिलिमीटरचा फरक आहे. परत एकदा बघू का?” बघ म्हणालो.