आरशातून उडी

जून 2020. वाणगावात पाऊस लागून चार-पाच दिवस झाले होते. आमच्या पडवीत माझा नऊ वर्षांचा पुतण्या आणि शेजारचा मुलगा पत्ते खेळत बसले होते. डाव हरला तसा पुतण्या मित्राच्या आईवरून एक वाक्य बोलला. ते वाक्य मी इथे लिहिणार नाही. शब्द तेच, क्रम तोच, शेवटी क्षणभर थांबून ‘समजलं?’ विचारायची लकबही तीच. ते वाक्य माझं होतं.

वहिनी चुलीपुढून उठून आल्या आणि त्याच्या थोबाडीत दिली. “कुणी शिकवलं हे?” पोराने एकदा माझ्याकडे बघितलं, मग खाली पडलेल्या पत्त्यांकडे. बोलला काहीच नाही. बोललो मी. म्हणालो, “हल्ली शाळाच मोबाईलवर, काय काय कानावर पडतं. आणि या दोघांनी दिवसभर एकत्र बसणंही बरं नाही.” दुसरं वाक्य बोलायची काहीच गरज नव्हती. त्या वाक्याने वहिनींचा संशय शेजारच्या मुलावर गेला. संध्याकाळी त्या त्याच्या घरी जाऊन भांडून आल्या आणि दोन घरांमधली वाटी-कालवणाची देवाणघेवाण थांबली.

मी डायमेकर आहे. चिंचणी-डहाणू पट्ट्यात हा धंदा घरोघरी चालतो. पोलादाच्या ठोकळ्यात दागिन्याची नक्षी कोरायची, पण उलटी आणि खोलगट. त्यात पत्रा दाबला की ती सुलटी होऊन उठते. 25 मार्चला लॉकडाऊन लागला, सराफांची दुकानं बंद झाली आणि माझ्या हाताला काम उरलं नाही. रात्री पबजी खेळायला लागलो. माझ्या दोन आयडी होत्या. एक माझ्या नावाची. तिच्यावर गावातली मित्रमंडळी असायची, कुणी हरलं तर मी “जाऊ दे रे, पुढचा डाव आपला” म्हणायचो. दुसरीला नाव नव्हतं, फोटोच्या जागी कवटी होती. ती मी बाराच्या पुढे उघडायचो, अनोळखी पोरांबरोबर.

एका रात्री आमच्या चौघांत एक मुलगा होता. आवाजावरून बारा-तेराचा असेल. त्याचं नेट अडकत होतं, त्याच्यामुळे आम्ही हरलो. मी त्याला पाच मिनिटं बोललो. शिव्या संपल्या तेव्हा त्याच्या आईवर गेलो. तो म्हणाला, “सॉरी भैया, मोबाईल जुना है.” मी तेच वाक्य पुन्हा म्हणालो आणि विचारलं, समजलं? तो निघून गेला. मला त्या रात्री छान झोप लागली. ही गोष्ट मी तेव्हा कुणालाच सांगितली नाही.

आमचं घर कौलारू आहे. मधल्या भिंती माणसाच्या डोक्याच्या हातभर वर जाऊन थांबतात, कौलांपर्यंत पोहोचत नाहीत. पलीकडे पुतण्या झोपायचा. मी कानात इअरफोन घालायचो, त्यामुळे मला वाटायचं की आवाज माझ्यापुरताच आहे. समोरच्याचा आवाज तेवढा माझ्या कानात राहायचा. माझा कौलाखालून सगळ्या घरभर फिरायचा.

पुढचे अकरा दिवस मी गप्प राहिलो. स्वतःला समजावत होतो की तो मी नव्हेच, तो खेळातला माणूस. याच दिवसांत मला बोईसरचा क्लास आठवला.

2001 साली मी आठवीत होतो. बोईसरला एका संगणक क्लासला जायचो. तिथल्या जुन्या मशीनवर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ होता, पहिला, 1989 चा. साठ मिनिटांत तळघरातून वर चढून राजकन्येला सोडवायचं. चौथ्या पातळीवर वाटेत अचानक एक आरसा उभा राहतो. दुसरा रस्ताच नसतो, धावत येऊन त्यातूनच उडी मारावी लागते. उडी मारताच राजपुत्राची शक्ती एका थेंबावर येते आणि आरशाच्या दुसऱ्या बाजूने त्याची सावली बाहेर पडून पळून जाते. पाचव्या पातळीवर ती सावली आपल्या वाटणीचं औषध पिऊन टाकते. सहाव्यावर आपल्या तोंडासमोर दार पाडते आणि आपण खड्ड्यात जातो. बाराव्यावर ती तलवार उपसून समोर उभी राहते.

मी कितीतरी दिवस तिच्याशी लढलो. तिला वार बसला की माझाच थेंब कमी व्हायचा. मला वाटायचं मशीन बिघडलंय. शेवटी क्लासचे सर मागून म्हणाले, “तलवार म्यान कर आणि तिच्या अंगावर चालत जा.” गेलो. दोघे एक झाले, आणि जिथे नुसती पोकळी होती तिथे पाय टाकला की फरशी उमटायला लागली.

खूप नंतर मी या सावलीच्या जन्माबद्दल वाचलं. हा खेळ बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून राजपुत्राचं पळणं, उड्या मारणं काढलं. ती सगळी चित्रं भरल्यावर अ‍ॅपल टू संगणकाच्या मेमरीत शत्रूसाठी जागाच उरली नाही. मग त्याने राजपुत्राचीच आकृती एका बिंदूने सरकवून तिच्याशीच मिसळली आणि त्यातून ती लुकलुकती सावली झाली. म्हणजे तिचं चालणं, धावणं, तलवार धरणं, सगळं राजपुत्राचंच. दुसऱ्या कुणाचं एक पाऊलही तिच्यात नाही. डाय कोरणाऱ्या माणसाला हे फोड करून सांगावं लागत नाही. नक्षी एकच असते, एक बाजू खोलगट आणि एक उठावाची.

याच मालिकेतल्या 2005 च्या ‘टू थ्रोन्स’मध्ये तर राजपुत्राच्या आतला काळा राजपुत्र त्याच्याशी बोलायचा, टोमणे मारायचा. तो अंगात आला की हातातली साखळी झपाझप चालायची, पण आयुष्य गळत राहायचं. पाण्यात शिरलं की राजपुत्र पुन्हा माणूस. मला तेव्हा ते पाणी लागलं की वाईट वाटायचं. काळ्यासाठीच मी खेळायचो. तेव्हाच मला स्वतःबद्दल थोडं कळायला हवं होतं.

बाराव्या दिवशी सकाळी वहिनी मागच्या दारी तांदूळ पाखडत होत्या. मी सगळं सांगितलं. रात्रीच्या मुलाचंही. सूप थांबलं नाही. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “भाऊजी, मी त्याला मारलं तेव्हा तुम्ही तिथेच होतात.” मग म्हणाल्या, “शेजारी तुम्ही जायचं. मी येणार नाही.”

गेलो. त्या मुलाच्या आईने ऐकून घेतलं, बस म्हणाली नाही. मुलगा दाराआडून बघत होता. त्याची माफी मी त्याच्या आईकडे बघत मागितली, हेही चुकलंच. पुतण्याला विचारलं, “तुला माहीत होतं ना? मग सांगितलं का नाहीस?” तो म्हणाला, “तू सांगशील असं वाटलं.”

कवटीची आयडी मी लगेच पुसली, असं लिहायला मला आवडलं असतं. नाही पुसली. 2 सप्टेंबरला केंद्र सरकारने 118 अ‍ॅप बंद केली, त्यात पबजी गेलं आणि त्याच्याबरोबर ती आयडीही. 2021 च्या जुलैमध्ये तोच खेळ नव्या नावाने आला, जुनी आयडी आणायची सोयही होती. कवटीपर्यंत माझं बोट गेलं होतं. आणली ती माझ्या नावाची. आता पडवीत बसून खेळतो, स्पीकरवर, घरातले सगळे जागे असताना. राग अजून येतो. कधीकधी वाईटही बोलतो, तेव्हा आतून वहिनींचं भांडं जोरात आपटतं आणि मी त्या समोरच्या माणसाला तिथल्या तिथे सॉरी म्हणतो. जुन्या मोबाईलवाल्या मुलाला म्हणायची मला सोय नाही. त्याचं नावही मी पाहिलं नव्हतं.

पुतण्या आता पंधराचा आहे. रात्री तोही मित्रांबरोबर खेळतो, भिंतीपलीकडे. मी पाणी प्यायला उठलो आणि त्याच्या दारावरून गेलो की तो माईक बंद करतो. मी पुढे गेल्यावर पुन्हा बोलायला लागतो, हळू आवाजात. कौलांखालून सगळं ऐकू येतं, पण शब्द लागत नाहीत.