अण्णांची साठ बटणं



गेले दोन महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर वायरी पसरल्या होत्या. सूर्यास्ताच्या आत ताटं मांडायची म्हणून मी रोज त्या गोळा करायची आणि लेक रोज ओरडायचा, "आई, हात लावू नकोस!"

आमच्या अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, गेल्या वर्षी अर्धांगवायू झाला. बोलणं बरंचसं परत आलं, उजवा हात नाही आला. शाळेत जन्मभर शुद्धलेखन शिकवलेला माणूस, पत्रं लिहायची हौस दांडगी. मग ते सांगायचे, मी लिहायची. एकदा आत्यांना लिहिलेलं पत्र त्यांनी मला वाचून दाखवायला लावलं आणि म्हणाले, "छान आहे गं. पण हे माझं नाही." खरंच होतं. मी त्यांची वाक्यं गुळगुळीत करत होते. त्यानंतर त्यांनी पत्र सांगणंच सोडलं.

फोनला त्यांचे अडखळते शब्द कळेनात. कॉम्प्युटरवर मराठी इन्स्क्रिप्ट लावून दिलं, तर त्यात ण साठी शिफ्ट धरून सी दाबावा लागतो. णमोकार म्हणणाऱ्याला ण तर पहिलाच हवा! एका हाताने दोन बटणं कशी दाबणार?

लेक म्हणाला, "आपण कीबोर्डच बनवू." त्याने प्रो मायक्रो नावाचा बोर्ड आणला, बोटाच्या दोन पेरांएवढा. त्यावरच्या एटीमेगा ३२यू४ चिपमध्येच यूएसबीची सोय असते, म्हणून कॉम्प्युटर त्याला सरळ कीबोर्ड समजतो. बोर्डाला वापरता येतील अशा पिना १८ आणि आम्हाला बटणं हवी ६०. मला वाटलं, झालं, बारगळलं. पण बटणं ६ आडव्या आणि १० उभ्या ओळींत जोडली की १६ पिनांत काम भागतं. कुठली आडवी आणि कुठली उभी ओळ जुळली, त्यावरून बोर्ड बटण ओळखतो. प्रत्येक बटणाला एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाते. तो नसला आणि चौकोनाच्या तीन कोपऱ्यांची बटणं एकदम दाबली गेली, तर चौथं न दाबताच उमटतं. एका बोटाने लिहिणाऱ्याला कशाला डायोड, असं मी विचारलं. पण अण्णांचा तळवा मधेच बटणांवर टेकतो, हे लेकाने पाहून ठेवलं होतं.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. क्यूएमके नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात कुठल्या बटणाने काय करायचं ते आपण ठरवायचं. आम्ही अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने लावली. क च्या शेजारी ख, त्याच्या शेजारी ग. ण ला स्वतःचं बटण. ते दाबलं की बोर्डच शिफ्ट आणि सी एकदम पाठवतो. बोर्डाला मराठी येत नाही, ते काम कॉम्प्युटरचं. अक्षरांच्या चिठ्ठ्या मात्र मी लिहून चिकटवल्या.

आठवड्यातच माझ्या हातून घात झाला. झाडताना वायर ओढली गेली आणि यूएसबीचं सॉकेट उचकटून आलं. बोर्ड थेट सोल्डर केलेला, १६ सांधे सोडवता सोडवता लेकाच्या नाकी नऊ आले. अण्णा बिचारे समजले, आपल्याच हातून मोडलं. दोन दिवस ते त्या टेबलाकडे फिरकले नाहीत. नवीन बोर्ड लेकाने काढता-घालता येईल असा बसवला आणि सॉकेटभोवती गरम गोंद भरला. तुमच्यापैकी कुणी करणार असेल, तर हे पहिल्याच दिवशी करा बाई.

आता दुपारी अण्णा बसतात. चार ओळींना अर्धा तास लागतो. परवा आत्यांचं पत्र पुरं झालं आणि मला फक्त प्रिंट काढायला सांगितलं. पहिल्याच ओळीत 'आणी' होतं, वेलांटीची बटणं शेजारीशेजारी आहेत ना. मी तसंच छापलं. घडी त्यांनी डाव्या हाताने घातली.