अजय-अतुलच्या मधली रेघ

एक सोप्पा प्रश्न. अजय-अतुलमधला थोरला कोण?

बहुतेक जण बिनधास्त 'अजय' म्हणून सांगतात. नाव आधी येतं ना! तर मंडळी, थोरला अतुल. जन्म १९७४चा. अजय १९७६चा. धाकट्याचं नाव पुढे आणि थोरल्याचं मागे, हे आमच्या कर्जत-खालापूरकडे लग्नपत्रिकेतसुद्धा खपवून घेत नाहीत. निमंत्रकांत कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली, यावरून आमच्याकडे लोक जेवायचे थांबलेत. आणि इथे दोन सख्खे भाऊ पंचवीस वर्षं एकाच नावाने जगतायत, मध्ये फक्त एक छोटीशी रेघ!

या रेघेवर माझा सध्या जाम जीव जडलाय. का, ते सांगते. पण आधी त्यांची गोष्ट.

गोगावले बंधूंचे वडील महसूल खात्यात. नोकरी बदलीची, त्यामुळे शिरूर, राजगुरुनगर, जुन्नर, घोडेगाव अशी पुणे जिल्ह्यातली गावं फिरत पोरं वाढली. घरात गाण्याची परंपरा नाही, रीतसर तालीम नाही. वाद्य विकत घेणं परवडत नाही, मग ज्यांच्याकडे हार्मोनियम-ढोलकी आहे अशांशी दोस्ती करायची. पुढे वडिलांनी कीबोर्ड आणून दिला. कीबोर्ड एक, भाऊ दोन. आपल्या घरात रिमोट एक आणि भावंडं दोन असली की काय होतं, आठवून बघा!

२००१ मध्ये 'विश्वविनायक' अल्बम आला. दोन नवखी पोरं, आणि गायला एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि शंकर महादेवन! आमच्या घरी गणपतीत तो इतका वाजला, की मला लहानपणी ती बाप्पाचीच गाणी वाटायची, संगीतकार वगैरे कुणी असतो हे माहीतच नव्हतं. मग २००४चा 'अगं बाई अरेच्चा!', २००६चा 'जत्रा'. त्यातल्या 'कोंबडी पळाली'ची चाल २०१२च्या 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' होऊन अख्ख्या देशाने नाचून घेतली. 'जोगवा'ने राष्ट्रीय पुरस्कार दिला. २०१०च्या 'नटरंग'ने लावणी पुन्हा कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आणली.

आणि २०१६चा 'सैराट'. मी तेव्हा कॉलेजला होते, रोज कर्जत-सीएसटी लोकलने. त्या उन्हाळ्यात डब्यात कुणाचा मोबाइल वाजला आणि 'झिंगाट' लागलं नाही, असं झालंच नाही. या सिनेमासाठी अजय-अतुलनी थेट लॉस एंजेलिसच्या सोनी स्टुडिओत सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला. असं करणारा हा पहिला भारतीय सिनेमा. शब्दांतही त्यांचाच मोठा वाटा, सोबतीला नागराज मंजुळे. चाल त्यांची, शब्द त्यांचे, आवाज अजयचा आणि 'झिंगाट'मध्ये दोघांचा. आमच्याकडे हळदीला ते वाजलं नाही, तर लग्न लागलं असं अजूनही कुणी धरत नाही!

नाही म्हणायला, आमच्या रायगडचंही एक कनेक्शन आहे. २०२२ मध्ये 'इंडियन आयडॉल मराठी'चं पहिलं पर्व पनवेलच्या सागर म्हात्रेने जिंकलं, तेव्हा परीक्षकाच्या खुर्चीत हेच दोघं होते.

आता खरी गंमत. पंचवीस वर्षांत कुठलीही चाल अजयची किती आणि अतुलची किती, हे आपल्याला कळलेलं नाही. मुखडा एकाचा, अंतरा दुसऱ्याचा, असं कुठल्या सीडीच्या कव्हरवर वाचलंय? क्रेडिट एकच : अजय-अतुल. गाताना अजय जास्त दिसतो, टाळ्या त्याच्या वाट्याला जास्त येत असतील. भांडत नसतील असं मी म्हणत नाही, सख्खे भाऊ आहेत शेवटी! पण ते भांडण त्या रेघेपर्यंत पोचलेलं नाही.

हे सोपं नाही हो. जतिन-ललित हेही सख्खे भाऊ. 'जो जीता वही सिकंदर', 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे', 'कुछ कुछ होता है', काय नाही दिलं त्यांनी? २००६च्या 'फना'नंतर जोडी फुटली. तिकडे इंग्लंडात ओअ‍ॅसिसचे गॅलाघर बंधू २००९ मध्ये भांडून जे वेगळे झाले, ते स्टेजवर एकत्र यायला २०२५ उजाडलं. बिली आयलिश आणि तिचा भाऊ फिनिअस यांचं मात्र जमलंय. बहीण-भावाने घरातल्या बेडरूममध्ये गाणी बनवली आणि २०२०च्या ग्रॅमीत धुमाकूळ घातला.

बहीण-भाऊ. हां, आता माझ्याबद्दल.

आम्ही कर्जतजवळच्या एका गावातले. एक्स्प्रेस-वे २००२ मध्ये पूर्ण झाला आणि आमच्या भातखाचरांना भाव आला. खालापूरचा टोलनाका ओलांडून वीकेण्डला तुम्ही ज्या फार्महाउसवर पार्टीला येता ना, तिथे आधी कुणाची तरी शेती होती. शेती विकायची म्हणजे आधी वाटणी. वाटणी म्हणजे मोजणी. मोजणी म्हणजे हद्दीचे दगड. आणि दगड लागले, की तो एक हात इकडे का आणि एक हात तिकडे का, यावरून कोर्ट. माझे बाबा आणि काका एका ताटात जेवलेले भाऊ. बाबा गेले त्या दिवशी काका आले, दारात उभे राहिले आणि पाणी न पिता परत गेले.

गंमत बघा, या वाटण्यांच्या नोंदी ज्या महसूल खात्यात होतात, त्याच खात्यातल्या माणसाची दोन मुलं वाटणीशिवाय पंचवीस वर्षं राहिली.

बाबांनंतर सातबाऱ्यावर वारस म्हणून आई, दादा आणि मी अशी तीन नावं लागली. आणि फोन सुरू झाले. आत्या, मावशी, लांबची वहिनी, सगळ्यांचं एकच, 'बाय, हक्कसोड करून टाक. माहेर तरी राहील.' वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा सारखा हक्क, असा कायदा २००५ मध्ये झालाय. कायदा माझ्या बाजूने आहे, पण कायदा गणपतीला माहेरी बोलावत नाही!

दुसऱ्या बाजूने एजंट. तुमचा हिस्सा मोकळा करा मॅडम, पार्टी तयार आहे. रक्कम ऐकून एक रात्र झोप नाही आली. माझ्यासारख्या फ्रीलान्सरला, ज्याचं पेमेंट तीन-तीन महिने 'प्रोसेसमध्ये' असतं, त्याला बदलापूरच्या वन बीएचकेचं डाऊन पेमेंट म्हणजे काय असतं ते तुम्हाला कळेल.

टेन्शन यायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. ऑफिसात अप्रेझलच्या फॉर्मवर रकाना असतो ना, 'या प्रोजेक्टमधलं तुमचं वैयक्तिक योगदान'? तो रकाना मी शेतावर लावून बघितला. दादा खोपोलीच्या एका कंपनीत शिफ्ट करून लावणीला उतरतो. कापणी, झोडणी, बांधबंदिस्ती, सगळं त्याचं. माझ्या कॉलेजची फीसुद्धा त्यानेच भरली. योगदान मोजायचं तर वाटा त्याचा जास्त. कायदा बघायचा तर सारखा. आणि लोकांचं ऐकायचं तर माझा काहीच नाही. तीन हिशोब, आणि एकाही हिशोबात आम्ही बहीण-भाऊ म्हणून उरत नाही.

कर्जत स्टेशनला बघा कधीतरी. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना घाट चढायला मागून जादा इंजिनं लागतात, ती इथेच. गाडी थांबते, लोक वडे घेतात, मागे इंजिन जोडलं जातं. घाट पुढच्या इंजिनाने चढवला की मागच्याने, हे लोणावळ्याला उतरून कुणी विचारत नाही. गाडी वर पोचली, विषय संपला.

शेवटी या पावसाळ्यात, लावणी आटपल्यावर, दादानेच विषय काढला.

'तुला सही करायचीय का?'

'नाही, दादा.'

'मग नको करू. मी कुणाला मागायला सांगितली नव्हती.' मग थोडं थांबून, 'पण मोजणीपण नको आणू. दगड नको.'

मी हो म्हटलं. म्हणजे माझा वन बीएचके गेला आणि दादाच्या हातून एकट्याच्या नावाची जमीन गेली. दोघांचंही नुकसान आहे, उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. एजंटने तर मला सरळ येडी म्हटलं. वहिनीच्या मनात काय आहे, ते तिने अजून बोलून दाखवलेलं नाही, आणि ती बोलली तर तिचंही चुकीचं असणार नाही. पण त्या रात्री दादाने फोनवर मोठ्याने 'माउली माउली' लावलं आणि आई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

हे किती वर्षं टिकेल? खरं सांगू, माहीत नाही. जतिन-ललितने पंधरा वर्षं एकत्र काढली होती. उद्या दादाची मुलं मोठी होतील, माझं लग्न होईल, भाव अजून वाढेल. पण जोडी टिकवायची तर कुणीतरी आपल्या हिश्शाचा आकडा काढायचं थांबवावं लागतं, आणि ते एकाने थांबवून भागत नाही. दोघांनी थांबवावं लागतं. अजय-अतुलचा फंडा मला तरी एवढाच समजलाय.

तूर्तास सातबाऱ्यावर तीन नावं आहेत. आईचं, दादाचं आणि सगळ्यात शेवटी माझं. शेवटी आहे म्हणून काय झालं? अतुलचंही नाव मागेच आहे की!