सहा एकरांचे गणित

2024 च्या लोकसभा निवडणुकीत टीव्हीवर वारसा कराची चर्चा रंगली होती. गिरडच्या आमच्या घरात अब्बा ती कान देऊन ऐकत. एका रात्री म्हणाले, "बेटा, माझ्यामागे या सहा एकरांवर सरकार टॅक्स घेईल. त्यापेक्षा आताच तुम्हा दोघा भावांच्या नावे करून टाकतो."

आम्ही उर्दू शाळेतले मास्तर, वकील नव्हे. तरी विचारपूस केली. मयताच्या इस्टेटीवरचा कर आपल्या देशात 1953 साली आला. मोठ्या इस्टेटींवर तो 85 टक्क्यांपर्यंत चढला आणि 1985 साली रद्द झाला. तेव्हापासून वारसा कर नाही. मुलामुलींना शेती बक्षीस द्यायची तर आपल्या राज्यात मुद्रांक 200 रुपयांचा; नोंदणीचा खर्च वेगळा.

"मग तर करूनच टाकू," अब्बा म्हणाले.

आम्ही शाळेची पाटी घेऊन बसलो. आधी सोसायटीचे कर्ज आणि अम्मीचा न दिलेला मेहर फेडायचा. मग अम्मीचा आठवा हिस्सा, म्हणजे 30 गुंठे. उरलेल्यात भावाला दोन वाटे, बहिणीला एक. आम्हा दोघा भावांना 70-70 गुंठे, दोघी बहिणींना 35-35. वसियत तिसऱ्या हिश्श्यापुरतीच चालते, आणि तीही इतर वारसांच्या संमतीशिवाय एखाद्या वारसाच्या नावे करता येत नाही.

"हिबा तर करता येतो ना?" अब्बांनी विचारले.

येतो. हयातीत द्यायचे, घेणाऱ्याने कबूल करायचे, ताबा सोडायचा. पण एका मुलाला भेट देणाऱ्या बापाला हुजूरांनी विचारले होते, सगळ्या मुलांना अशीच दिलीस का? ही हदीस आम्हीच वर्गात शिकवतो. कर मुळात नाहीच. मग आम्ही वाचवणार होतो ते काय? अम्मीचा आणि बहिणींचा हिस्सा!

अम्मी दारात उभी होती. म्हणाली, "आणि फुफीचे काय?"

आम्ही गप्प झालो. बाबा फरीदांच्या टेकडीवरचे गोल दगड दाखवून फुफीच आम्हाला कथा सांगायची. फकिराची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल कसा दगड झाला, ती. दादा वारले तेव्हा वारस दोघेच होते, अब्बा आणि फुफी. फुफीने हक्कसोडपत्रावर अंगठा दिला. भावाचे घर तुटू नये, माहेरची वाट बंद होऊ नये, म्हणून दिला. त्याच शेतातल्या कापसावर आमचे बी.एड. झाले. वारसांची वाटणी आम्ही मुलांना शिकवली, पण फुफीचे दोन एकर कधी पाटीवर मांडले नाहीत.

अब्बा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सहा पूस. चार लिही. उद्या फुफीकडे जाऊ."